सोळाव्या तासाची पिशवी

क्लास्के, सरक जरा. मीच आहे.
पावणेतीन वाजलेत. धुकं कालव्यावरून उठून
गोठ्याच्या दारापर्यंत आलंय,
आणि सोळावा तास भरतोय.

दुसऱ्याच्या पोटात शिरायला लोक गोड बोलतात.
मला ती कला कधी साधली नाही.
तुझ्या डाव्या कुशीला रबराचं झाकण आहे,
ते फिरवून काढलं की झालं.
हातमोजा खांद्यापर्यंत. आधी मनगट, मग कोपर, मग दंड.
एकोणचाळीस अंश. फ्रीसलंडच्या हिवाळ्यात
एवढी ऊब मला दुसरीकडे मिळत नाही.

आत समुद्र आहे, मिनिटामिनिटाला भरती.
वर गवताची गादी, खाली पाणी,
आणि कोट्यवधी जीव, ज्यांना रजा ठाऊक नाही.
त्यात काल सकाळी मी बारा पिशव्या सोडल्या,
नायलॉनच्या, तळहाताएवढ्या,
प्रत्येकीत पाच ग्रॅम सोयापेंड. भाजलेली,
कारण भाजलेली पेंड म्हणे इथे टिकते,
पुढे जाते, दुधात उतरते.
हा "म्हणे" काढून टाकण्यासाठी मला पगार मिळतो.

बाबा चाळीस वर्षं खाद्याच्या गिरणीत होते.
कांडी दाढेखाली धरायचे,
कट् असा आवाज आला की मान हलवायचे,
ट्रक सुटायचे.
आवाजात काय ऐकता, असं एकदा विचारलं
तर म्हणाले, दुपारच्या पाळीचा कंटाळा.
कंटाळलेला माणूस वाफ कमी सोडतो.

दोरी ओढते. मोजते. अकरा.
पुन्हा मोजते.
अकराच. एक गाठ सुटलेली.

मग शोध. गाल तुझ्या कुशीला टेकलेला,
हात पार पुढच्या कप्प्यापर्यंत, जिथे गायी
खिळे, तारांचे तुकडे,
घाईत गिळलेलं सगळं सांभाळतात.
बोटांना कापड लागतं.
नळाखाली धरते.
ही माझी नाही.
शिवण वेगळी. कोपऱ्यात न पुसणारी शाई:
सात. येल्त्ये.
तीन वर्षांपूर्वीची, मोहरीच्या पेंडीची चाचणी.
आत चिमूटभर करडं काहीतरी,
जे तुलासुद्धा इतक्या दिवसांत पचलं नाही.

येल्त्येचा तक्ता आम्हा सगळ्यांना पाठ आहे.
बारा आकडे. सातवा एकसष्ट पॉइंट चार.
त्या तक्त्यावर मिश्रणं बेतली गेली,
सहाशे गोठ्यांत पोचली.
कुणाचं काही बिघडलं नाही. दूध आलं, चीज झालं.
एकसष्ट पॉइंट चार बरोबरही असेल.
उरलेल्या अकरांची सरासरी तेवढीच येते,
मी आत्ता बादलीवर बसून काढली.

येल्त्ये हल्ली ग्रोनिंगेनच्या शाळेत रसायन शिकवते.
नाताळला कार्ड येतं, त्यात तुझी चौकशी असते.
तू मात्र कधी काही दाखवलं नाहीस.
पोटात ठेवलंस.

रूर्द आठला येतो, कॉफी ओततो,
म्हणतो, एका पिशवीवाचून काय अडतंय,
सरासरी टाक, गिऱ्हाईक सोमवारी येतंय.
चांगला माणूस आहे. त्याच्या मुलीला
मीच पोहायला शिकवलं.
मी मान हलवते, बाबांसारखी, पण कट् आवाज न ऐकता.

अकरा पिशव्या धुते, सुकवते, तोलते.
तीन पॉइंट एक दोन. तीन पॉइंट शून्य नऊ.
बाराव्या रकान्यात लिहिते: हरवली.
एवढं सोपं होतं.
त्या सातव्या आकड्याचं काय करायचं,
तो कुठल्या रकान्यात खोडायचा,
हे मात्र सुचत नाही. करडी चिमूट
काचेच्या बशीत ठेवलीय, चिठ्ठी न लावता.

खिडकीतून तू दिसतेस. बसलीयस, डोळे अर्धे मिटून
गिळलेलं पुन्हा वर आणतेयस,
चावतेयस, तुला कुठे सोमवार गाठायचाय.
माझी बारावी अजून आतच आहे.